दुधाला फॅट, उसाला नुसता काटा

कोल्हापूर जिल्ह्यात एखादी बाई म्हशीचं दोन लिटर दूध घेऊन संस्थेत गेली, तरी त्या दुधाचा नमुना तपासला जातो. फॅट किती, एसएनएफ किती, त्यावर दर. ‘गोकुळ’ दूध संघाच्या गावोगावच्या संस्थांत हे सकाळ-संध्याकाळ चालतं. त्याच घरातला ऊस ट्रॉल्या भरून कारखान्याला जातो, तेव्हा मात्र फक्त वजन होतं. त्यात साखर किती, हे कुणी बघत नाही. मी ऊस पिकवतो, आणि या पद्धतीला मी अन्यायच म्हणतो.

एफआरपीचा, म्हणजे कारखान्यानं द्यायच्या किमान दराचा, हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये ठरवले, आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे उतारा एक टक्क्यानं वाढला की टनाला ३४६ रुपये. एकरी ४० टन काढणाऱ्याला १३,८४० रुपये. पण हा उतारा माझ्या फडाचा नसतो, साऱ्या कारखान्याचा असतो. एकानं को ८६०३२ हा जास्त साखरेचा वाण लावला, नत्र आवरलं, तोडीआधी पाणी तोडलं. दुसऱ्यानं शेवटपर्यंत युरिया आणि पाणी देऊन टनेज फुगवलं. दोघांना दर एकच. मग साखर पिकवायची कुणी आणि कशासाठी? शेतकऱ्याला वजनाच्या मागं लावलं ते याच दरपद्धतीनं, आणि उतारा घटला की दोषही त्यालाच!

तोडीचं तर विचारूच नका. ऊस पक्व झाला की नाही, हे फडातच कळतं. रिफ्रॅक्टोमीटर खिशात मावतो. वरच्या आणि खालच्या कांडीच्या रसाचे थेंब टाकायचे. दोन्हींचा ब्रिक्स जवळपास सारखा आला की ऊस तयार. वाइनची द्राक्षं पिकवणारे नाशिकचे बागायतदार हेच उपकरण घेऊन वेलीखाली उभे राहतात, ब्रिक्सबरोबर आम्लता आणि सामूही बघतात, मग घड उतरवतात. आमच्याकडं तोड ठरते कारखान्याच्या चिटबॉयच्या मर्जीवर, गटाच्या राजकारणावर आणि टोळीला दिलेल्या खुशालीवर. तयार आडसाली तुरा येऊन वाळत उभा, आणि वशिल्याचा कोवळा ऊस गव्हाणीत. तोडलेला ऊस वाहनाची वाट बघत फडात पडला तर वजन घटतं आणि साखरही मोडते. भुर्दंड शेतकऱ्याला.

ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. रसात विरघळलेलं सगळंच त्यात येतं. खरी साखर पोल काढल्यावर कळते. म्हणून फडातल्या ब्रिक्सनं तोड ठरवा आणि कारखान्याच्या दारातल्या नमुन्यानं दर. ब्राझीलमध्ये उसाच्या गाडीत नळी घुसवून नमुना काढतात आणि त्यातल्या साखरेवर पैसे देतात. ऑस्ट्रेलियात सीसीएस या, उसातून काढता येणाऱ्या साखरेच्या मापावर शेतकऱ्याला दर देण्याची रीत कित्येक पिढ्यांची आहे.

यावर आमचीच माणसं म्हणतात, “काटामारी करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेवर विश्वास कसा ठेवायचा?” भीती खरी आहे. पण आजचा उताऱ्याचा आकडा तरी कुठून येतो? कारखान्याच्याच हिशेबातून. तो आपण न बघता मान्य करतो. माझ्या गाडीचा नमुना माझ्यासमोर निघाला, त्याचा दुसरा भाग सीलबंद होऊन त्रयस्थाकडं राहिला, तर भांडायला निदान हातात पुरावा असेल. सरासरीशी भांडता येत नाही. सरासरीत कुणाचाही ऊस दडवता येतो, संचालकाचा कोवळा ऊससुद्धा.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरासाठी आवाज उठतो, तो उठलाच पाहिजे. तिथं जमणाऱ्या प्रत्येक ऊस उत्पादकाला माझं सांगणं आहे: ठरावात एवढं घाला, की प्रत्येकाच्या उसातली साखर वेगळी मोजली जाईल आणि तो आकडा वजनाच्या पावतीवर छापला जाईल. त्याशिवाय हात वर करू नका.