ट्रॅकचे टायर अन् आपला रस्ता

आपली पोरं पुण्या-हैदराबादला कमावती झालीत. वेगवान गाडी घेऊन सणाला हळ्ळीखेडला आली की विचारतात, "काका, ट्रॅकचे टायर टाकू का?"

माझं मत सरळ आहे. ट्रॅकवर जाणार असशील तर जरूर घे, पण वेगळ्या रिमवर. असले काही टायर कायद्यानं रस्त्यावर चालतात, खरं. पण रबर मऊ, तापल्यावरच नीट धरणारं, अन् लवकर झिजणारं. खाचा कमी, म्हणून पावसाचं पाणी बाहेर फेकत नाहीत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ते शोभतात. हुमनाबाद-बिदर रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीमागं नाही.

साईजचंही तेच. १९५/५५ आर१६ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे १०७. त्याजागी २१५/४५ आर१७ टाकला तर चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, पण बाजू ९७ वर येते. खड्ड्यात रिम वाचवणारं सेंटीमीटरभर रबर गेलं की!

दाराजवळच्या पट्टीवर कंपनीनं दिलेली साईज अन् भाराचा आकडा पाळा. मागच्या सीटवर आई-बाप बसतात. त्यांना वळणावरचा वेग नको, पावसात वेळेवर थांबणारी गाडी हवी.