चवीनुसार मीठ, वय वर्षं दहा

बॉस, एक सोपा प्रश्न. तुम्ही पहिल्यांदा गॅससमोर उभं राहून भाजी केलीत, तेव्हा तुमचं वय काय होतं? मॅगी मोजायची नाही! उत्तर 'नोकरी लागल्यावर, पीजीत' असं असेल, तर पुढचं नीट वाचा.

चीनमध्ये हा प्रश्न चक्क सिलॅबसमध्ये आलाय. तिथल्या शिक्षण मंत्रालयानं २०२२ मध्ये शाळांसाठी श्रमशिक्षणाचा नवा अभ्यासक्रम आणला. आठवड्याला किमान एक तास. पहिली-दुसरीत भाजी निवडायची, धुवायची. तिसरी-चौथीत उकडायचं, वाफवायचं. पाचवी-सहावीत थेट कढई! दोन-तीन घरगुती पदार्थ यायलाच हवेत. उदाहरणादाखल दिलेल्या पदार्थांत एक नाव आहे शीहोंगशी छाओ जीदान. म्हणजे टोमॅटो-अंडं.

आपल्या कोपऱ्यावरच्या 'चायनीज'च्या गाडीवर हे मिळणार नाही. तिथल्या घरांत मात्र ते नेहमीचं, आणि कितीतरी जणांनी आयुष्यात केलेला पहिला पदार्थही हाच. टोमॅटो आपल्यासारखा तिथेही बाहेरूनच आला, पण आता तो 'आईच्या हातच्या चवी'त जाऊन बसलाय.

कृती एकदम सोपी. तीन अंडी चिमूटभर मीठ घालून फेटायची. चांगल्या तापलेल्या तेलात ओतायची, फुलली की लगेच काढायची. त्याच कढईत टोमॅटोच्या फोडी रस सुटेपर्यंत परतायच्या, मीठ-साखर घालायची आणि अंडी परत आत. वर कांद्याची पात, सोबत गरम भात. मी रविवारी करून पाहिलं, पंधरा मिनिटांत खल्लास!

दहा वर्षांच्या मुलाची खरी परीक्षा मात्र वेगळीच आहे. चिनी रेसिपीत हमखास एक शब्द असतो, 'शी-ल्यांग'. म्हणजे योग्य तेवढं. आपल्या 'चवीनुसार मीठ'चा सख्खा भाऊ! साखर किती? कुणाकडे चमचाभर, कुणाकडे अजिबात नाही, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून भांडणार. टोमॅटो सोलायचा का? आईही ठाम उत्तर देत नाही. ज्या देशात सगळं शालेय आयुष्य 'गाओकाओ' या प्रवेशपरीक्षेच्या एकेका मार्काकडे धावतं, तिथल्या पोराला कढईसमोर असा प्रश्न भेटतो, ज्याची आन्सर-की कुणाकडेच नाही. तेल उडतं, अंडं जरा करपतं. मग ताट पुढे ठेवायचं आणि खाणाऱ्याचा चेहरा वाचायचा. मार्कशीट तीच.

मला विचाराल तर, या तासाचं सगळं मोल इथे आहे. उद्या झारा आईनंच हलवला आणि पोरगं फक्त फोटोपुरतं कढईशेजारी उभं राहिलं, तर संपलं. 'पालकांनी केलेला प्रोजेक्ट' ही काय चीज असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

तेव्हा या सुट्टीत घरातल्या भाचा-भाचीच्या हाती कढई द्या. शेजारी उभे राहा, आचेवर लक्ष ठेवा. आणि 'मीठ किती?' असं विचारलं, तर प्लीज, आकडा सांगू नका.