अकरावा रोजा

गेल्या रमजानात अकराव्या रोज्याला असरच्या नमाजसाठी उठले आणि माझा रोजा तुटला. वय सत्तेचाळीस. पाळी बंद होऊन तेरा महिने झाले होते, आणि त्या दिवशी ती अशी परत आली, जणू मधले तेरा महिने नव्हतेच.

जे वाचक मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाळीच्या दिवसांत बाई नमाज पढत नाही आणि रोजा ठेवत नाही. राहिलेली नमाज माफ असते, राहिलेले रोजे मात्र पुढे वर्षभरात कधीतरी भरून काढायचे असतात. त्याला कजा म्हणतात. म्हणजे वयात आल्यापासून बाईच्या नशिबी सलग तीस रोजे नसतात. घरात सगळे ईदचा चांद बघतात, आणि आपण मनात हिशोब करत असतो की सहा राहिले, थंडीत ठेवू, दिवस लहान असतात. पाळी गेलेल्या बायकांना म्हणूनच रमजानात एक वेगळा मान वाटतो. माझी अम्मी म्हणायची, "आता मी मोकळी." मीही त्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण तीस धरायचे ठरवले होते. शाळेतल्या बायकांना सांगूनही ठेवलं होतं. हा माझा आगाऊपणा.

रक्त आलं ते औषधामुळे. पण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

पाळी बंद होण्याच्या आधीपासूनच मला गरम वाफा यायच्या. सातवीच्या वर्गात फळ्यावर 'कर्तरी प्रयोग' लिहिताना मानेपासून कपाळापर्यंत आग चढायची, ओढणीखालून घाम गळायचा, आणि एखादी मुलगी विचारायची, "बाजी, पंखा वाढवू का?" पंखा आधीच पाचावर असायचा. रात्री तीनदा जाग यायची. लघवीला जळजळ, सांध्यांत दुखणं, आणि मुख्य म्हणजे माझा मूळचा नसलेला चिडखोरपणा. मी मुलांवर खडू फेकणारी शिक्षिका नाही, पण त्या वर्षी एकदा फेकला. मुलगा हसला, मला रडू आलं.

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, रक्तदाब पाहिला, स्तनांची तपासणी सांगितली, घरात कुणाला कर्करोग किंवा पायात रक्ताची गुठळी झाली होती का, विचारलं. मग हार्मोन सुरू केले. इस्ट्रोजेनची जेल रोज दंडाला चोळायची आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची एक कॅप्सूल. कॅप्सूल का, तर गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो. हे अमेरिकेत १९७५ मध्ये लक्षात आलं. त्याआधीची दहा वर्षं तिकडे नुसत्या इस्ट्रोजेनचा सुकाळ होता, कायम तरुण ठेवणारं औषध म्हणून. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर आटोक्यात ठेवतं. एवढं सगळं डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे शरीरात काय काय होईल, ते एका वाक्यात संपवलं: "थोडं बारीकसारीक होईल, घाबरू नका."

आम्हाला बी.एड.ला शिकवलं होतं की पाठ सुरू करण्याआधी विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान तपासावं. माझं पूर्वज्ञान शून्य होतं.

पहिल्या आठ दिवसांत छाती इतकी दुखायला लागली की ओढणीचं वजन नको वाटायचं. तेरा-चौदा वर्षांची असताना असंच व्हायचं, ते तीस-बत्तीस वर्षांनी आठवलं. बोटं सुजली, निकाहची अंगठी साबण लावून काढावी लागली. कॅप्सूलने झोप अशी यायची की कुणीतरी दिवा मालवावा. डॉक्टर ती रात्री घ्यायला सांगतात ते यासाठीच. रमजान लागला तेव्हा ईशानंतर कॅप्सूल घेतली की तरावीहच्या निम्म्यात डोळे मिटायचे, आणि दोनदा सहरीचा गजर मला ऐकूच आला नाही. यांनी उठवलं तेव्हा खजूर तोंडात घालून पाणी प्यायला दोन मिनिटं उरली होती.

चांगलंही झालं, ते सांगायला हवं. महिन्याभरात गरम वाफा जवळजवळ थांबल्या. जळजळ गेली. नवरा-बायकोच्या खोलीतली एक अडचण होती, जिच्याबद्दल आम्ही दोघंही दोन वर्षं बोललो नव्हतो, तीही कमी झाली. याला मी बारीकसारीक म्हणणार नाही.

आणि मग अकरावा रोजा.

मी चार दिवस कुणाला बोलले नाही. घरात मुलगा आहे, सासरे आहेत. पाळीतल्या बायका रमजानात करतात तेच मी केलं: सहरीला उठले, इफ्तारला सगळ्यांबरोबर बसले, दुपारी स्वयंपाकघरात उभ्याने पाणी प्यायले. एका बाजूने भीती होती. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त येणं म्हणजे पिशवीचा कर्करोग, असं शेजारच्या खाला एकदा बोलल्या होत्या. दुसऱ्या बाजूने लाज. आणि तिसरा प्रश्न असा की हे मोजायचं कशात? हैज की इस्तिहाजा?

हैज म्हणजे पाळी. इस्तिहाजा म्हणजे पाळीचं नसलेलं रक्त, आजारामुळे किंवा इतर कारणाने येणारं. फरक शाब्दिक नाही. हैज असेल तर नमाज-रोजा बंद. इस्तिहाजा असेल तर दोन्ही चालू, फक्त प्रत्येक नमाजच्या वेळेला नवीन वुजू करायचा. मी चुकीचं धरलं तर एकतर ठेवायचे रोजे सोडले, नाहीतर नसलेले रोजे ठेवले.

त्यात आमचं घर म्हणजे दोन मजहब. मी रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. लग्न होऊन मिरजेला आले, सासर हनफी. शाफईंकडे हैज कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस. हनफींकडे कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त दहा. पाळी जाण्याचं वय हनफी किताबांत साधारण पंचावन्न धरतात, शाफईंच्या प्रसिद्ध मतात बासष्ट. म्हणजे जुन्या फकीहांनी बाईच्या शरीराला आपल्यापेक्षा जास्त मुदत दिली होती. आपल्याकडे पंचेचाळीस झाली की घरात म्हणतात, आता काय राहिलं!

शेवटी मी नणंदेच्या मुलीला फोन केला. ती मालेगावला मुलींच्या मदरशात शिकून आलिमा झाली आहे, वय सव्वीस. वाटलं, ती आधी दिवस विचारेल, रंग विचारेल. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: "मुमानी, डॉक्टरला दाखवलंत का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मसला मी सांगते, पण उद्या डॉक्टरकडे जा. मसला थांबू शकतो."

मग तिने सांगितलं की औषधाने आलेलं असलं तरी ज्या वयात पाळी येऊ शकते त्या वयातलं, ठरलेल्या मुदतीत बसणारं रक्त हैजच धरायचं. माझे सहा दिवस दोन्ही मजहबांत बसत होते. सहा दिवसांनी थांबलं, गुस्ल केला, रोजे सुरू केले. सव्विसाव्या रोज्याला पुन्हा डाग दिसला. ते तिने इस्तिहाजा सांगितलं, कारण दोन पाळ्यांच्या मध्ये किमान पंधरा दिवसांची पाकी लागते आणि माझे तेवढे झाले नव्हते. हनफींकडे याचा हिशोब जास्त गुंतागुंतीचा आहे, म्हणून तिनेच बजावलं, "तुमचं शाफईप्रमाणे सांगितलं, अम्मीला हेच सांगू नका." मी मुफ्ती नाही. हे वाचून कुणी आपलं ठरवू नये, आपल्या आलिमेला विचारावं. पण विचारावं.

पैगंबरांच्या काळात फातिमा बिन्त अबी हुबैश नावाच्या बाईने रक्त थांबत नाही म्हणून थेट त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यांनी ते पाळीचं रक्त नाही, शिरेचं आहे, असं सांगून नमाज चालू ठेवायला सांगितलं. बुखारीत आहे. विचार करा, त्या बाईला जे चौदाशे वर्षांपूर्वी विचारता आलं, ते मला माझ्या मोहल्ल्यातल्या मशिदीत विचारता येत नाही. इमामसाहेब चांगले आहेत, पण विचारायचं तर नवऱ्याच्या तोंडून. 'माझ्या बायकोला असं होतंय' हे वाक्य यांनी जुम्यानंतर चपला घालताना म्हणायचं, मागे दहा माणसं उभी असताना. यांनी म्हटलं असतं. मीच म्हणू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, पहिले तीन ते सहा महिने असं होतंच बऱ्याच जणींना." मग सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहिली, ती बारीक होती, म्हणून पुढे काही केलं नाही. सहा महिन्यांनंतरही येत राहिलं, जास्त आलं, किंवा एकदा पूर्ण थांबून परत आलं, तर आतला तुकडा काढून तपासावा लागेल, असं बजावलं. आणि जी बाई हार्मोन घेत नाही तिला पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो कधीच बारीकसारीक नसतो, लगेच दाखवायचा. खाला अगदीच चुकल्या नव्हत्या. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण कर्करोग असेल तर तोही अशानेच वेळेत सापडतो.

"हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं की बायका औषधच घेत नाहीत." हे मला पटत नाही. न सांगितल्यामुळे मी त्या चार दिवसांत दोनदा जेलची बाटली कचऱ्यात टाकायला निघाले होते.

माझी एक चुलत बहीण आहे. तिला पस्तिसाव्या वर्षी जास्त रक्त जायचं. तालुक्याच्या गावच्या डॉक्टरने सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले, ते तिला दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने जुना कागद वाचून सांगितलं. बीजकोष गेले की पाळी जाण्याचं वय एका रात्रीत येतं. एवढ्या तरुणपणी असं झालेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावेत असंच वैद्यकशास्त्र सांगतं, हाडांसाठी आणि हृदयासाठी. तिला कुणी एक गोळी लिहून दिली नाही. आज बेचाळिसाव्या वर्षी तिचं मनगट साध्या पडण्याने मोडलं आहे. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं होतं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबद्दल तेव्हा खूप लिहून आलं, समितीही नेमली गेली. त्यातल्या किती जणींना नंतर कुणी हाडांबद्दल, हार्मोनबद्दल विचारलं असेल? ज्यांना हे औषध सगळ्यात जास्त लागतं त्यांना ते मिळत नाही, आणि माझ्यासारखी पगारदार बाई जेलच्या बाटलीवर लेख लिहिते.

औषधाची भीतीही उगाच आलेली नाही. २००२ मध्ये अमेरिकेतला १६,६०८ बायकांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठने जास्त दिसलं. जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, हे मागे पडलं. आता डॉक्टर म्हणतात, साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त. स्तनांचा कर्करोग झालेला असेल, रक्ताची गुठळी झाली असेल, तर मात्र नाही.

आणि हलाल-हराम विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी: त्या अभ्यासातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीपासून काढलेलं होतं, नावही तिथूनच आलं. माझ्या जेलमधलं तसं नाही, ते वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनतं. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मी भाचीलाच विचारलं, तर ती म्हणाली, "मुमानी, गरजेचा मसला वेगळा असतो. आधी झोपा." जेल चामडीतून जाते, बहुतेक उलमांच्या मते तिने रोजा तुटत नाही. मी ती कोपराच्या वर लावते, म्हणजे वुजूत धुऊन जात नाही.

शब्दांचं एक राहिलं. मराठीत आपण रजोनिवृत्ती म्हणतो, मला त्यात पेन्शनचा वास येतो. उर्दूत म्हणतात सिन्न-ए-यास, निराशेचं वय. हा शब्द मी मुलींना कसा शिकवू? मूळ कुराणातलं आहे, सूरह तलाकमध्ये, पाळीची आशा सुटलेल्या बायकांच्या इद्दतीचा हिशोब सांगताना. तिथे आशा सुटते ती फक्त पाळीची. पुढच्यांनी ती सगळ्या वयालाच चिकटवली.

रमजान झाल्यावर मी आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या इज्तिमात भाचीला बोलावलं, आणि शाळेजवळच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना. दोघींना एकाच चटईवर बसवलं. काही जणींना ते आवडलं नाही, एक उठून गेली. उरलेल्या मगरिबपर्यंत उठल्या नाहीत. सासूबाईंच्या वयाच्या एका बाईंनी सांगितलं की त्यांना दोन वर्षांपासून अधूनमधून डाग दिसतो आणि त्या त्याला मूळव्याध समजत होत्या. नर्सबाईंनी तिथल्या तिथे त्यांची तारीख लावून दिली.

माझं रक्त चौथ्या महिन्यात थांबलं. अंगठी पुन्हा बसते. सहा रोजे कजा होते, पाच झाले. सहावा या गुरुवारी.