कुरणातली शाळा

गणपतीच्या तालमी सुरू झाल्या की आपल्या रविवारच्या मराठी शाळेचा पट हमखास वाढतो. नाचात नाव घालायचं असतं ना! विसर्जन झालं की पट पुन्हा जिथल्या तिथे. मे महिन्यातल्या सभेत याच विषयावर नेहमीचा सूर लागला: पालकांना आस्थाच राहिलेली नाही. त्या सुरात माझाही सूर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांविषयी पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा मात्र माझंच बोलणं मला टोचायला लागलं.

३१ ऑगस्ट हा ताराबाईंचा स्मृतिदिन. १८९२ ते १९७३, म्हणजे एक्याऐंशी वर्षांचं आयुष्य. जन्म मुंबईचा, प्रार्थना समाजाच्या वळणाच्या घरातला. १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीच्या एका वकिलांशी लग्न झालं, मुलगी झाली आणि संसार मोडला. त्या काळात लहान लेकीला घेऊन एकटी बाई राजकोटला गेली आणि तिथल्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्य झाली. या मुलीला कसं वाढवायचं, कसं शिकवायचं, हा त्यांचा घरचाच प्रश्न होता. त्यातूनच त्या माँटेसोरीबाईंच्या विचारांकडे वळल्या आणि १९२३ मध्ये भावनगरला, दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात गिजुभाई बधेकांकडे जाऊन पोचल्या. (या गिजुभाईंना गुजरातेत 'मूछाळी मा' म्हणत. मिशा असलेली आई! शिक्षकाला याहून मोठी पदवी मला तरी ठाऊक नाही.) दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथपर्यंतच्या ताराबाई आपल्याला ओळखीच्या वाटतात. शहरातल्या, शिकलेल्या घरातल्या. चांगली शाळा काढली की शिकलेल्या घरांतली मुलं आपण होऊन येतात, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. खरी गोष्ट त्यापुढची आहे.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबत त्यांच्या सहकारी, पस्तिशीतल्या अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं काही तिकडे फिरकेनात. आपल्या सभेत अशा वेळी काय म्हटलं गेलं असतं, ते वर लिहिलंच आहे. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. माँटेसोरी पद्धतीची लाकडी साधनं महागडी, तेव्हा शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मोजायचं ते शिंपल्यांनी, रंग ओळखायचे ते फुलांवरून.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पाड्यांवरची थोडी मोठी मुलं दिवसभर गुरांमागे. ती शाळेत बसली तर गुरं कुणी राखायची? मग शिक्षकच कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि झाडाखाली शिकणं चाललंय. या शाळेचं नाव कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. तो ऐकायला ताराबाई नव्हत्या. अनुताईंनी मात्र १९९२ पर्यंत कोसबाड सोडलं नाही.

आपली मुलं गुरं राखत नाहीत, हे मलाही कळतं. वारली पाड्यावरची अडचण आणि गाडीतून फिरणाऱ्या आपल्या मुलांची अडचण एका तागडीत घालायचा आगाऊपणा मी करणार नाही. पण सुट्टीत आपल्या पटावरून गळलेल्या काही घरी मी फोन केले. आस्था नाही असं एकाही घरी वाटलं नाही. एक आई रविवारी कामावर असते. एक कुटुंब पाऊण तासाच्या अंतरावर राहायला गेलंय. आणि तीन घरी एकच उत्तर मिळालं: रविवारी सकाळी थोरल्याचा फुटबॉल असतो.

म्हणजे आपल्याकडचं कुरण ते हेच! थोरला मैदानावर धावतोय, आईबाबा घडीच्या खुर्च्या टाकून कडेला बसलेत, आणि धाकटी भावंडं दीड तास कंटाळून गवत उपटताहेत. आपल्या बालवर्गाच्या वयाचीच ती. आपण मात्र त्याच वेळी भाड्याच्या हॉलमध्ये हजेरी घेत, ती का आली नाहीत म्हणून हळहळत बसतो.

शाळेच्या दोन ताई तयार झाल्या आहेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून, बर्फ पडेपर्यंत, मैदानाच्या पार्किंगकडच्या मोठ्या मेपलखाली पाऊण तास बालवर्ग भरेल. वह्या नकोत, फी नको, गणवेशाचा टीशर्टही नको. मोजायला पानं तिथे भरपूर पडतील. दोन मोठ्या सतरंज्या तेवढ्या हव्या आहेत. कुणाच्या तळघरात गुंडाळून पडल्या असतील, तर गणपतीच्या दिवशी आरतीनंतर मला गाठा.