चित्रातल्या कसरतपटूला नाव असते

सर्कस, जत्रा, उत्सव यांच्या चित्रांसमोर आपण रंगांवर खूश होतो आणि पुढे सरकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रंगवली गेलेली सर्कशीची चित्रे मात्र थांबून पाहायला हवीत. लोकांची करमणूक करणाऱ्या माणसांकडे चित्रकार कोणत्या नजरेने पाहत होते, याची ती साक्ष आहे.

पॅरिसच्या माँमार्त्र भागात १८७५ साली 'सर्क फर्नांदो' या सर्कशीची पक्की इमारत उभी राहिली. आसपासच्या वस्तीत चित्रकारांचे स्टुडिओ होते. जानेवारी १८७९ मध्ये एदगार देगाने तिथे मिस ला ला या कलावतीची रेखाटने केली. दातांत दोर धरून ती थेट छतापर्यंत वर खेचली जात असे. देगाच्या चित्रात प्रेक्षक नाहीत. पाहणाऱ्यालाच मान वर करून पाहावे लागते आणि एका चुकीची किंमत काय असेल ते कळते.

त्याच साली, त्याच सर्कशीतल्या दोन मुली रन्वारने रंगवल्या. खेळ संपला आहे आणि प्रेक्षकांनी कौतुकाने फेकलेली संत्री एकीने कवेत घेतली आहेत. रन्वारने त्यांना स्टुडिओत बोलावून दिवसाच्या उजेडात रंगवले. त्यामुळे चित्रात गोडवा आला. सर्कशीतला गॅसचा उजेड आणि रात्रीच्या खेळाचा शीण मात्र बाहेरच राहिला.

झॉर्झ सराने १८८७-८८ मध्ये वेगळीच जागा निवडली. तंबूबाहेर गिऱ्हाईक ओढण्यासाठी जो फुकटचा खेळ होई, तो त्याने ठिपक्याठिपक्यांतून रंगवला. वादक ताठ उभे आहेत, बाजूला तिकिटासाठी लोक जमले आहेत. आनंदाचा धंदा कसा चालतो, हे इथे उघड दिसते. त्याच्या अखेरच्या 'सर्कस' या चित्रात खालच्या रांगांत सुखवस्तू आणि वर कामकरी प्रेक्षक बसले आहेत. १८९१ मध्ये हे चित्र अपुरेच प्रदर्शनात लागले आणि प्रदर्शन चालू असतानाच, वयाच्या ३१व्या वर्षी, सराचे निधन झाले.

सर्क फर्नांदोचे पुढे 'मेद्रानो' झाले. तिथे नेमाने जाणाऱ्या पिकासोने १९०५ मध्ये फिरत्या कसरतपटूंचे कुटुंब दोन मीटरहून मोठ्या कॅनव्हासवर रंगवले. या चित्रात रिंगण नाही, टाळ्या नाहीत, कसरतही नाही. ओसाड माळावर सहा माणसे उभी-बसलेली आहेत आणि कुणाची नजर कुणाला भिडत नाही. पाव शतकात चित्रकाराची नजर कसरतीवरून धंद्याकडे आणि धंद्यावरून माणसाकडे आली होती. या चित्रांचे खरे मोल या प्रवासात आहे.

तरीही एक त्रुटी राहिली. देगाची कीर्ती जगभर गेली आणि मिस ला ला तेवढ्या टोपणनावानेच उरली. तिचे नाव आन्ना ओल्गा आल्बर्टिना ब्राउन. आज पोलंडमध्ये असलेल्या तेव्हाच्या श्टेटिन शहरात १८५८ साली जन्मलेली ही कृष्णवर्णीय कलावती दातांनी तोलून धरलेली तोफही उडवून दाखवत असे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०२४ मध्ये केवळ या एका चित्राभोवती प्रदर्शन उभारले आणि तिचे आयुष्य लोकांसमोर मांडले. चित्रकाराइतकाच मान चित्रातल्या व्यक्तीला देण्याची ही रीत योग्य आहे आणि इतर संग्रहालयांनीही ती उचलावी.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. देगाच्या चित्रानंतर वर्षभरातच, १८८० मध्ये, विष्णुपंत छत्रे यांनी भारतीय सर्कशीचा पाया घातला. छत्र्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या रिंगणात झोके घेणाऱ्यांची नावे किती जणांना सांगता येतील? सर्कस असो वा तमाशा, जुनी जाहिरात, छायाचित्र किंवा हिशेबाची वही ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. त्यातल्या माणसांची नावे विचारून, लिहून ठेवावीत. ती सांगू शकणारी पिढी आपल्यात आहे तोवरच हे काम होऊ शकते.