कायदा लिहिला कुणी, जागा केला कुणी?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका आम्ही सभांमधून अभिमानाने सांगतो. मात्र त्या लढ्यातला जो खटला आम्हा वकिलांना तोंडपाठ असायला हवा, तो सहसा कुणी सांगत नाही.

थिओडोर सेज्विक (१७४६-१८१३) हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले वकील. १७७६ च्या कॅनडा मोहिमेत ते सैन्यात होते. पुढे आमदार झाले, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले आणि अखेरीस न्यायाधीशही झाले. जानेवारी १७७३ मध्ये शेफील्ड गावात कर्नल जॉन ॲश्ली यांच्या घरी स्वातंत्र्य-समतेचे ठराव तयार झाले. ते लिहिणाऱ्यांत सेज्विक होते. आणि त्याच घरात बेट नावाची काळी स्त्री गुलाम म्हणून राबत होती! माणसे जन्मतः समान, असे लिहिणाऱ्यांना समोर राबणारी बाई दिसली नाही काय?

१७८० साली मॅसॅच्युसेट्सची घटना आली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान, हे तिचे पहिलेच कलम. बेटला अक्षरओळख नव्हती. हे शब्द तिने कानांनी ऐकले होते. मालकिणीने उगारलेल्या तापलेल्या फावड्याचा घाव तिने हातावर झेलला, अशी हकीकत सांगितली जाते. ती सेज्विकांकडे गेली आणि हा कायदा मला लागू होत नाही का, असा सवाल तिने केला.

सेज्विक आपल्या जुन्या सहकाऱ्याविरुद्ध उभे राहिले. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने बेट आणि ब्रॉम यांना मुक्त ठरवले व ३० शिलिंग भरपाई दिली. बेट पुढे एलिझाबेथ फ्रीमन झाली. मॅसॅच्युसेट्समधील आणखी काही खटल्यांनंतर, १७९० च्या जनगणनेत त्या राज्यात एकाही गुलामाची नोंद झाली नाही.

मग सेज्विकांना देव्हाऱ्यात बसवायचे का? नाही. १७९१ साली पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या विधेयकासाठी प्रतिनिधिगृहाने समिती नेमली, तिच्यात हेच सेज्विक होते. ते विधेयक बारगळले, पण १७९३ मध्ये तसा कायदा झालाच. त्यात पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे जाण्याचा हक्कही नव्हता. कोर्टात एका बाईला सोडवणारा वकील कायदेमंडळात मालकांशी तडजोड करून बसला!

आमचे म्हणणे एवढेच. वकील हवाच, निर्भीड हवा. पण बेट दारात आली नसती, तर सेज्विकांनी ते कलम उघडलेही नसते. म्हणून आमच्या वकिलांनी कोर्टात जिंकून स्वस्थ बसू नये. कायदे जिथे घडतात तिथेही पहारा द्यावा. आणि घटनेचे कलम १४ व १७ वस्तीवस्तीत मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणाऱ्यांत एखादी बेट नक्की असेल.