निर्लेखनाआधी एक ओळ तपासा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, शाळेतला लिनक्सचा संगणक चित्रं दाखवताना अडखळायला लागला की आपण लगेच म्हणतो, "जुना झाला, निर्लेखन करा." माझं मत आहे, जरा थांबा. आधी त्याची शेअर्ड मेमरी चालू आहे का ते बघा.

लिनक्सवर चित्र तयार करणारा प्रोग्राम वेगळा आणि ते पडद्यावर मांडणारा एक्स सर्व्हर वेगळा. वर्गातलंच उदाहरण घ्या. एकाने पाटीवर चित्र काढलं, दुसऱ्याने ते कागदावर उतरवून नेलं, तिसऱ्याने फळ्यावर पुन्हा काढलं. त्यापेक्षा सगळ्यांनी एकच पाटी वापरली तर? एमआयटी-एसएचएम नावाची सोय हेच करते. दोन्ही प्रोग्राम मेमरीचा एकच तुकडा वापरतात, चित्र सॉकेटमधून पाठवावं लागत नाही.

हिशोब करा. १०२४ गुणिले ७६८ ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक पडदा ३ एमबीचा. सेकंदाला २५ चित्रं म्हटली तर ७५ एमबी! एवढं ओझं उगाच इकडून तिकडे कॉपी होत राहतं.

आमच्या शाळेतला एक संगणक असाच भंगारात निघाला होता. टर्मिनलवर 'एक्सडीपीवायइन्फो' ही आज्ञा दिली, तर एक्स्टेन्शनच्या यादीत एमआयटी-एसएचएम नव्हतंच. पूर्वी दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी एक्सऑर्गच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये ते 'डिसेबल' करून ठेवलं होतं. का, देव जाणे! ती ओळ काढली, संगणक पुन्हा सुरू केला. टक्स पेंटमधला ब्रश मुलांच्या हाताबरोबर पळायला लागला. खर्च शून्य.

हा सगळ्यावरचा उतारा नाही, हेही सांगते. प्रोग्राम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर, अशी थिन क्लायंटची लॅब असेल तर पाटी एकच कशी असणार? तिथे ही सोय चालतच नाही. फार जुनं लिनक्स असेल तर मेमरीच्या एका तुकड्याची मर्यादाही बघा. ती आधी ३२ एमबी असायची, २०१४ मधल्या ३.१६ कर्नलपासून जवळपास उठवली गेली.

पण निर्लेखनाच्या प्रस्तावाला "संथ चालतो" एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. त्या आज्ञेने दिलेली यादी प्रस्तावासोबत जोडा, असं मुख्याध्यापकांनी सांगावं. पालकांनीही शाळा समितीच्या बैठकीत ती मागावी.